हिवाळ्यातले टेनिस : खेळ कोणाचा, मैदान कोणाचे?

विदर्भ म्हटला की बाहेरच्या लोकांना फक्त ऊन आठवते. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्या नरखेड तालुक्यात एक पहाट काढून पाहावी. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला हा तालुका. पलीकडे मध्य प्रदेशातील पांढुर्णा, वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातील वरूड. सातपुड्याकडून वारा सुटला की हातापायांची बोटे बधिर होतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. संत्र्याच्या बागा आणि शेतशिवार असलेल्या खेड्यांत अशी थंडी शहराहून थोडी जास्तच झोंबते. दारोदारी शेकोट्या पेटतात आणि माणसे घोंगडी पांघरून त्यांच्याभोवती बसतात.

अशा थंडीत चार-सहा माणसे आणि दहा-बारा मुले हातात रॅकेट घेऊन टेनिस खेळतात असे कोणी सांगितले, तर वाचक हसतील. आमच्या वस्तीतली माणसेही हसली होती. एक म्हातारी आई तर रोज अडवायची, "काहून रे बाबू, एवढ्या थंडीत पोट्ट्यायले पयवतं? आजारी पडतीन ना!" तिचा हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे तोच प्रश्न फार महाग पडला. ती हकिकत पुढे येईलच.

सुरुवात कशी झाली?

माझी नोकरी कारकुनाची. दिवसभर खुर्चीला चिकटून बसायचे आणि फाइलींवर मान वाकवायची. चाळिशी उलटली तसा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "रोज घाम आला पाहिजे." २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवार-रविवार दोन सकाळी मोकळ्या मिळाल्या. नुसते चालणे कंटाळवाणे वाटे. क्रिकेटला माणसे जास्त लागतात, वेळही जास्त जातो. कबड्डीत या वयात गुडघा जाण्याची भीती. नागपूरला एका ओळखीच्या गृहस्थाकडे जुन्या चार रॅकेट पडून होत्या, त्या त्याने देऊन टाकल्या. टेनिसचे चेंडू तर आपल्या गल्लीबोळात क्रिकेटसाठी असतातच. गंमत पाहा, ज्या खेळासाठी हा चेंडू जन्माला आला तो खेळ सोडून बाकी सारे आपण त्याने खेळतो!

जागेचा प्रश्न होता. टेनिसच्या पूर्ण कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आणि रुंदी एकेरीला ८.२३, दुहेरीला १०.९७ मीटर. शिवाय मागे आणि बाजूंना पळायला जागा हवी. सगळे धरून साधारण ३६ बाय १८ मीटर मोकळी जमीन लागते. विहाराजवळच्या सार्वजनिक जागेत एवढी सोय नव्हती. मग माहिती काढली तेव्हा कळले की, लहान मुलांसाठी छोट्या कोर्टाचा रीतसर प्रकार जगभर चालतो. त्याचे कोर्ट सुमारे १८ मीटर लांब, जाळे मध्यभागी फक्त ८० सेंटिमीटर उंच आणि चेंडू नेहमीच्या चेंडूच्या निम्म्या वेगाचा. त्या चेंडूला ‘ऑरेंज बॉल’ म्हणतात. संत्र्याच्या तालुक्याला संत्रीच चेंडू! त्याहून लहान मुलांना लाल चेंडू आणि ११ मीटरचे कोर्ट. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून १० वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत असे हळू चेंडू सक्तीचे केले आहेत. कारण साधे आहे. मोठ्यांचा चेंडू लहान मुलाच्या डोक्यावरून उडतो. खेळ जमत नाही, मग मूल तो सोडून देते. जो नियम मुलांना तोच आम्हा पोट सुटलेल्या कारकुनांना लागू पडला.

जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर चेंडू कसाही उडतो. मग ट्रॉलीभर मुरूम आणून पसरला, पाणी मारले, रोलर फिरवला आणि चुन्याने रेषा आखल्या. दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि मधे जुने मासेमारीचे जाळे दुमडून बांधले. कोर्ट उत्तर-दक्षिण आखले. हे महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि बराच वेळ खालीच राहतो. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर एका बाजूच्या खेळाडूला चेंडू दिसतच नाही, डोळ्यांसमोर नुसता लखलखाट. ज्यांना गावात असे कोर्ट करायचे असेल त्यांनी आधी दिशा पाहावी, मग चुना ओतावा.

थंडीत चेंडू का मरतो?

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी साडेसहाला चेंडू उडेना. तोच चेंडू नऊ वाजता टणाटण उड्या मारू लागला. मुलांना वाटले चेंडू खराब आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, विज्ञानाचा नव्हे, पण हिशेब जुळला नाही की मला चैन पडत नाही. म्हणून वाचून पाहिले.

टेनिसचा चेंडू आतून पोकळ असतो आणि त्यात दाबाने हवा भरलेली असते. नियम असा की, चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर उसळला पाहिजे. ही चाचणी २० अंश तापमानाला घेतात. थंडी पडली की आतल्या हवेचा दाब उतरतो. दुपारी २७ अंश आणि पहाटे ७ अंश असा फरक धरला, तर दाब सुमारे पंधराव्या हिश्श्याने घटतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेंडूचे रबर थंडीने कडक होते आणि त्याचा लवचिकपणा कमी होतो. वरून दव. मुरमावरचे दव चेंडूची लव शोषून घेते आणि चेंडू जड होतो. अशा थंड, जड चेंडूला जोर लावून मारायला गेलो की मार कोपराला आणि खांद्याला बसतो. ‘टेनिस एल्बो’ नावाचे दुखणे असेच मागे लागते.

आम्ही मुलांकडून एक प्रयोग करून घेतला. एक चेंडू रात्रभर छपरावर ठेवला, दुसरा गोधडीत. सकाळी भिंतीवर खडूने खुणा केल्या आणि शिडीवरून दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून सोडले. छपरावरचा चेंडू चार-पाच बोटे कमी उसळला. शाळेत फळ्यावर शिकवलेला वायूचा नियम मुलांच्या तेव्हा डोक्यात बसला. हा प्रयोग कोणत्याही घरी फुकटात करता येतो, वाचकांनी मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

त्यातून आमचे तीन नियम ठरले. पहिला, ऊन कोर्टावर आल्याशिवाय खेळ नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो, म्हणून खेळ आठ ते साडेनऊ. दुसरा, चेंडू स्वेटरच्या खिशात घेऊन यायचे आणि जास्तीचे चेंडू उन्हात ठेवायचे. तिसरा, ओला चेंडू बाजूला काढून वाळवायचा. हवेच्या दाबाचे चेंडू डबा फोडल्यावर काही आठवड्यांत मऊ पडतात. खेड्यासाठी बिनदाबाचे, जाड रबराचे चेंडू बरे. ते महिनोन्‌महिने टिकतात. थंडीत हातालाही जरा कडक लागतात, म्हणून ज्यांचे कोपर दुखते त्यांनी ते वापरू नयेत. रॅकेटच्या ताराही थंडीत ताठ वाटतात, त्या थोड्या सैल विणून घ्याव्यात.

अंगाची काळजी

चेंडूचे जे होते तेच शरीराचेही होते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने पांघरुणातून उठून थेट धावायला लागणे धोक्याचे आहे. आधी घरातच हातपाय हलवावेत, मग दहा मिनिटे चालावे, मग हळू चेंडू मारावेत. स्नायू गरम झाल्यावरच पळावे. छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. अंग तापले की एकेक काढता येतात. खेळ संपताच घामाने ओला बनियन बदलून कोरडा कपडा घालावा. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून माणसे पाणीच पीत नाहीत. तरी श्वासातून आणि घामातून पाणी जातच असते. खेळाआधी एक पेला आणि खेळताना अधूनमधून दोन-चार घोट पाणी प्यावे. पाणी कोमट असले तर उत्तम. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी नाकावर मफलर बांधून नाकानेच श्वास घ्यावा आणि डॉक्टरांनी दिलेला फवारा खिशात ठेवावा. आणि कोर्टाजवळ शेकोटी पेटवू नये. त्यातही प्लास्टिक किंवा टायर जाळले तर थंडीपेक्षा तो धूरच जास्त मारतो.

आता ती हकिकत

हे सारे आम्ही शहाणपणाने ठरवले असे कोणी समजू नये. त्यातले निम्मे नियम एका चुकीतून आले. ती चूक माझी.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे आला होता. वय चौदा, अंगाने किरकोळ. थंडी पडली की त्याचे हातपाय दुखायचे. घरातले म्हणायचे, वाढीच्या वयात हाडे दुखतातच. कोणी म्हणायचे, कामाला नको म्हणून सोंग करतो. मीही त्यातलाच. एका पहाटे, ऊन येण्याच्या कितीतरी आधी, मी त्याला उठवून कोर्टावर नेले. तो म्हणाला, "मामा, आज नको." मी म्हणालो, "धावलास की थंडी पळून जाईल." तो बिचारा धावला. पाणी प्यायला नाही, ओला शर्ट अंगावरच सुकू दिला. संध्याकाळी गुडघे आणि कंबर अशी दुखू लागली की पोरगा लोळू लागला. रात्री ताप भरला. दवाखान्यात भरती करावे लागले.

रक्त तपासले आणि निदान झाले सिकलसेल. तेही ‘एसएस’, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही दोष आलेले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम आणि ताप ही या वेदनेला चेतवणारी कारणे. मी त्या एका सकाळी त्यातली तीन कारणे त्या मुलाच्या अंगावर घातली होती. खेळाने आजार झाला नव्हता, तो जन्मापासून होता. पण माझ्या अज्ञानाने त्याला खाटेवर नेले. ती म्हातारी आई रोज विचारत होती ते खुळेपण नव्हते.

वाचकहो, ही एका घराची गोष्ट नाही. विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आहे, तसाच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूर भागातील डॉक्टर हे कित्येक वर्षे सांगत आले आहेत. तरी आपण ते लपवतो. मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील! पुढे आमच्या घरातल्या सगळ्यांनी तपासणी केली. बहीण वाहक निघाली, भाऊजी वाहक निघाले आणि मी स्वतःही वाहक निघालो. वाहक म्हणजे ‘एएस’. त्याला सहसा काही त्रास होत नाही, आयुष्य त्याला पत्ताही लागत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला ‘एसएस’ आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याचीही चारात एक. हा हिशेब प्रत्येक घरी पाठ असला पाहिजे. लग्नाआधी पत्रिका पाहण्याचे आपण सोडले ते चांगलेच झाले, आता त्या जागी रक्ताची पत्रिका पाहायला शिकू या.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत तपासणी होते. आधी एक साधी चाचणी आणि त्यात संशय आला तर पुढची पक्की चाचणी. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. लाजू नये.

मग अशा मुलाने खेळू नये का? मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर मला पटले : "घरात कोंडू नका, पण अंगावर कामही लादू नका." आता तो सुट्टीत आला की नऊ वाजता, ऊन चांगले तापल्यावर कोर्टावर येतो. अंगात स्वेटर, कानटोपी, पायात मोजे, हाती पाण्याची बाटली. छोट्या कोर्टावर संत्री चेंडूने पंधरा-वीस मिनिटे खेळतो, मग बसतो आणि बाकी वेळ गुण मोजतो. थांबायचे कधी हे तोच ठरवतो. त्याने हात वर केला की खेळ बंद, त्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित चालू आहेत. छातीत दुखणे, धाप लागणे, ताप, अचानक फिकटपणा किंवा हातापायातली ताकद जाणे, यातले काहीही झाले तर घरगुती उपाय करत बसायचे नाही हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. जे वाहक आहेत त्यांना खेळायला बंदी नाही. त्यांनी हळूहळू दम वाढवावा, पाणी पीत राहावे आणि एकदम जिवावर उदार होऊन पळू नये, एवढेच.

बंद दारे आणि उघडी मैदाने

कोर्टावर येणारी काही माणसे विचारतात, "टेनिस हा साहेबांचा खेळ. आपल्याला काय करायचा?" या प्रश्नाचे उत्तर मला दोन माणसांच्या आयुष्यात सापडले.

पहिली अल्थिया गिब्सन. १९२७ साली, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले त्याच वर्षी, अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात कापसाच्या शेतावर अर्धलीने राबणाऱ्या काळ्या कुटुंबात तिचा जन्म झाला. कापूस वेचणाऱ्या हातांची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तिथे मुलांसाठी एक रस्ता वाहनांना बंद करून खेळायला मोकळा केला होता. त्या रस्त्यावर ही मुलगी लाकडी फळीने पॅडल टेनिस खेळू लागली. कोर्ट नव्हते, हिरवळ नव्हती. त्याच मुलीने १९५६ साली फ्रेंच स्पर्धा आणि १९५७ व १९५८ साली विम्बल्डन जिंकले.

दुसरा आर्थर अ‍ॅश. जन्म १९४३, गाव रिचमंड. त्याचे वडील काळ्या लोकांसाठी वेगळ्या राखलेल्या एका बगिच्याचे रखवालदार. तिथल्याच कोर्टांवर आर्थर शिकला. पण हिवाळा आला की खेळ बंद. शहरात छताखालची कोर्टे होती, पण ती फक्त गोऱ्यांसाठी. थंडी सर्वांना सारखीच लागते, पण थंडीत उबेला जायचे दार मात्र कातडीचा रंग पाहून उघडायचे. शेवटी शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९६० साली, तो घर सोडून सेंट लुई शहरात गेला. तिथे त्याला हिवाळ्यातही खेळता आले. १९६८ साली अमेरिकन खुली स्पर्धा आणि १९७५ साली विम्बल्डन जिंकणारा तो पहिला काळा पुरुष ठरला. १९९३ साली तो गेला. न्यूयॉर्कमधील अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या मुख्य मैदानाला १९९७ पासून त्याचे नाव आहे. एका रखवालदाराच्या मुलाचे!

आपल्याकडे काय वेगळे घडले? पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पळवणकर बाळू खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीवर होते. साहेबांना गोलंदाजी टाकून टाकून ते तयार झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. आणि तरी चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. क्लबातले मैदान झाडणारा, रोलर ओढणारा, चेंडू वेचून देणारा माणूस गरिबाघरचाच असायचा. टेनिसच्या क्लबात त्याला ‘मार्कर’ आणि ‘बॉल बॉय’ म्हणत. कोर्टाचे श्रम आपले आणि खेळ मात्र दुसऱ्याचा, हा जुना व्यवहार होता. म्हणून चुन्याच्या रेषेच्या आत आपली मुले उभी राहिली तर ती चैन समजू नये. तळ्याचे पाणी जसे सर्वांचे, तसे गावचे मैदानही सर्वांचे.

मुली आणि आया

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. पहिले वर्षभर आमच्या कोर्टावर एकही मुलगी नव्हती. आम्ही समतेच्या गप्पा मारत होतो आणि आमच्याच लेकी घरात पाणी तापवत होत्या. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, आमची वेळ कोणती?" मला उत्तर देता आले नाही. आता रविवारी पहिला तास मुलींचा. शाळेत त्या रिंग टेनिस, म्हणजे टेनिक्वाईट खेळतातच. जाळे तेच, फक्त चेंडूऐवजी रबरी कडे. त्यामुळे ज्यांना रॅकेट मिळत नाही त्यांचाही खेळ चालतो. आता काही आयाही पदर खोचून उतरतात. पहिल्या दिवशी सगळ्या लाजत होत्या, दुसऱ्या दिवशी गुणांवरून भांडल्या! भांडण झाले म्हणजे खेळ अंगी लागला असे समजावे.

पण एक प्रश्न मला अजून टोचतो. हिवाळा म्हणजे आमच्याकडे आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड. वस्तीतल्या कितीतरी बाया-माणसे पहाटेच बागेत जातात. संत्री तोडायची, निवडायची, पेट्या भरायच्या. ज्याचे अंग दिवसभर मजुरीत मोडते त्याला व्यायामाचा उपदेश काय करायचा? त्याला व्यायाम नको, विरंगुळा हवा. तो आठ वाजता कोर्टावर येऊ शकत नाही आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे सूर्य बुडतो. म्हणून आम्ही एक दिवा लावण्याचे ठरवले आहे. रात्री सात ते आठ, बागेतून परतलेल्यांसाठी. दिवा आमच्या वर्गणीतून, विजेची रीतसर परवानगी घेऊन. आकडा टाकून नव्हे.

काय करता येईल?

‘तालुका तिथे क्रीडा संकुल’ ही सरकारची योजना आहे. तिचा पाठपुरावा करावाच. पण संकुल होईपर्यंत मुलांचे बालपण थांबत नाही. गावात मोकळी सार्वजनिक जागा असेल तर ग्रामसभेत ठराव मांडून ती खेळासाठी राखून घ्यावी, नाहीतर तिथे उकिरडा तरी होतो किंवा अतिक्रमण तरी. एक ट्रॉली मुरूम, दोन बांबू, एक जाळे आणि चार जुन्या रॅकेट एवढ्यावर सुरुवात होते. त्याआधी गावातल्या मुलांची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. कोर्ट आखायच्या आधी रक्त तपासायचे, हा आमचा अनुभवाने शिकलेला क्रम आहे.

आमच्या कोर्टावर वर्षातून एक दिवस जाळे बांधत नाहीत, तो ६ डिसेंबर. ७ तारखेला सकाळी पुन्हा खेळ सुरू होतो. या वर्षी त्या सकाळी भाचा आला होता. ऊन यायला अजून अवकाश होता. तो कानटोपी घालून कट्ट्यावर बसला आणि मी रॅकेट उचलली तसा म्हणाला, "मामा, थांबा. ऊन येऊ द्या."

मी थांबलो. ऊन आल्यावर आम्ही दोघे बरोबरच कोर्टात उतरलो.